तोंडावरची फवारणी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे परभणीकर आजही छाती काढून सांगतो. मात्र त्याच्या घरातलं बेसिन पाहिलं, तर मधल्या मध्ये कोरियानं बाजी मारलेली दिसते. आरशाखालच्या फळीवर पूर्वी एक साबण, पावडरचा एक डबा आणि दाढीची तुरटी एवढाच संसार असायचा. आता तिथं ड्रॉपरच्या बाटल्या रांगेनं उभ्या आहेत: व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, सॅलिसिलिक ॲसिड, ग्लायकोलिक ॲसिड, रेटिनॉल. तुरटी खिडकीत गेली आहे.

बाटल्यांची मालकीण बहुधा पुण्याला शिकायला असते आणि मे महिन्यात घरी येते. मग सकाळ-संध्याकाळ आज्जीसमोर प्रयोग रंगतो.

"माय, येवढ्याशा तोंडाला इतक्या बाटल्या कामून लागायल्यात गं?"

"आज्जी, हे ॲक्टिव्ह असतं."

"असंल. माझं तोंड सत्तर वर्षं निवांत बसलंय."

या विषयातला घरातला खरा जाणकार मात्र ओसरीवर चहा पीत बसलेला असतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणजे मुलीचा बाप. कापूस-सोयाबीनवाला हा माणूस पंपात दोन औषधं कधीच डोळे झाकून ओतत नाही. आधी बाटलीत थोडं कालवून बघतो. चोथा बसला, गोळे झाले की बेत रद्द. बोर्डो मिश्रणात चुना असतो, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्यात निकामी होतात, हे त्याला पाठ असतं. गंधक मारल्यावर दोन आठवडे तरी तेलकट फवारा घ्यायचा नाही, नाहीतर पान करपतं, हेही. 1972 पासून कृषी विद्यापीठ गावातच आहे, एवढं तर झिरपणारच. आणि त्याच घरात त्याची लेक रात्री साडेदहाला पाच बाटल्यांचं मिश्रण थेट गालावर फवारते!

वास्तविक चेहऱ्याचं वेळापत्रक फवारणीइतकंही किचकट नाही. व्हिटॅमिन सी सकाळी, त्यावर मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. रेटिनॉल रात्री, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. ग्लायकोलिकसारखं ॲसिड लावायचं असेल तर ते रेटिनॉलला सुट्टी असलेल्या रात्री. दोन्ही एकाच रात्री थापली की सकाळी गाल लाल, साल निघालेली, आणि साधं पाणी लागलं तरी चरचर. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या औषधांचंही जुनं वाकडं आहे. उजेडात पहिलं दुसऱ्याला निकामी करतं. म्हणून एक सकाळी आणि एक रात्री. ॲडापॅलीन मात्र पेरॉक्साइडसमोर टिकून राहतं. त्यामुळे त्या दोघांचं एकत्र जेल मिळतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

नायसिनामाइडचं कुणाशी भांडण नाही. ते व्हिटॅमिन सीसोबत चालत नाही ही अफवा जुन्या प्रयोगांतून आली. त्या प्रयोगांतली उष्णता बेसिनवर कधी येत नाही. परभणीच्या बेसिनवरही नाही, मे महिना धरून.

मे महिन्याचं वाकडं आहे ते व्हिटॅमिन सीच्या बाटलीशी. हवा, उजेड आणि उष्णता लागली की हे औषध खराब होतं. सुट्टीच्या सुरुवातीला पाण्यासारखं दिसणारं सीरम पारा 43 च्या पुढे सरकला की आधी पिवळं, मग थेट चहाच्या रंगाचं होतं. तेव्हा ते टाकून द्यायचं असतं. पण बाटलीवरची किंमत आठवते आणि ती फ्रिजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी जाते. तिथं ती आधीपासून असती तर बरं झालं असतं.

आज्जी या सगळ्याकडे विजयी मुद्रेनं पाहते. तिच्या काळी हळद, बेसन आणि दही होतं, झालं. इथं नातीला एक मुद्दा सापडतो. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं आणि ते ग्लायकोलिकच्याच कुळातलं.

"म्हणजे आज्जी, तू पण ॲसिडच लावत होतीस!"

"ॲसिड? आम्ही त्याची कढी करत होतो."

दह्यापर्यंत ठीक आहे. पण घरगुती म्हणून लिंबू आणि खाण्याचा सोडा तोंडाला चोळणारे नानलपेठेतही भेटतात आणि नेमगिरीच्या पायथ्यालाही. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास असतो. लिंबाचा रस दोनवर, सोडा आठच्या वर. बिचाऱ्या गालानं जायचं कुठं? त्यात लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडतात. डाग घालवायला लावलेलं लिंबू डाग देऊन जातं.

खरी काळजी मात्र फ्रिजपेक्षा औषधांच्या दुकानाची वाटावी. 1975 मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी डागांसाठी एक मिश्रण मांडलं: 5 टक्के हायड्रोक्विनोन, 0.1 टक्के ट्रेटिनॉइन आणि 0.1 टक्के डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक काळासाठी. त्याच्या धर्तीवरची मलमं आपल्याकडे 'गोरं होण्याचं क्रीम' म्हणून काउंटरवरून विकली गेली. मावशीनं वहिनीला सांगितलं, वहिनीनं जावेला. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव येते. आणि थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं आहे: स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली.

बिननावाच्या डबीचा धोका याहून मोठा. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा तो ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत पोचला. क्रीममध्ये पारा होता. अकोला काही लांब नाही, पूर्णेहून थेट रेल्वे आहे.

तेव्हा परभणीकरांनो, नवी बाटली आली की आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस वाट पाहा. एका वेळी एकच नवं औषध सुरू करा, म्हणजे बिघडलं तर चोर सापडतो. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल फळीवरून उचलून ठेवा. सनस्क्रीन दोन बोटं भरून घ्या आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. ट्यूबच्या कोपऱ्यात 'आरएक्स' छापलेलं असेल तर ती मावशीच्या सांगण्यावरून घेऊ नका. आणि पैसे एकाच बाटलीपुरते असतील तर सीरम राहू द्या, सनस्क्रीन आणा.