डोळस माणूस सोबत आणावा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरून हात काढून घेतला. काल धडधाकट असलेले लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे झाले. लगेच सल्ले सुरू : लिनक्स टाका, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही. सल्ला बरोबरच आहे. टाकायचं कोणी, एवढंच विचारायचं राहिलं.

समजा, नागपूरजवळच्या वाडीतल्या एखाद्या दृष्टिहीन मुलाने तो सल्ला मनावर घेतला. पेन ड्राइव्ह तयार आहे. लॅपटॉप सुरू करून एफ-१२ दाबायचं आणि मेनूतून पेन ड्राइव्ह निवडायचा. मेनू येतो, पण बोलत नाही. हा मेनू दाखवणारं बायोस हे प्रकरण मुकं ते मुकंच, मग लॅपटॉप तीस हजारांचा असो की तीन लाखांचा.

समता समता म्हणतात ती हीच.

जवळच्या दुकानात जावं, तर तिथे काय ऐकू येणार? "लिनक्स? अन् तुम्ही वापरणार भाऊ? सोबत कोणाले तरी घेऊन या ना!" दुकानदार वाईट नाही. लिनक्स बोलतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

बोलतं, आणि आजकालचं नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ऑर्का २००६ पासून ग्नोम डेस्कटॉपसोबत येतो. उबुंटू या लिनक्समध्ये आल्ट, विंडोजच्या चिन्हाची कळ आणि एस एकदम दाबलं की तो जागा होतो. जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी तर आपल्या नॉपिक्स या लिनक्समध्ये बोलणारा डेस्कटॉपच घातला. त्याचं नाव आड्रियाने. त्यांच्या पत्नीचंही नाव तेच, आणि त्या दृष्टिहीन आहेत. गरज घरात असली की उपाय किती झटकन सुचतो, नाही?

मे २०१३ मध्ये डेबियन या लिनक्सने सातव्या आवृत्तीत प्रश्न जवळपास मिटवलाच. सुरुवातीचा मेनू आला की बीप वाजते. 'एस' दाबा, एंटर दाबा, की पुढचं सगळं इन्स्टॉलर तोंडाने सांगतो : भाषा कोणती, डिस्क कोणती, पासवर्ड काय. एका अक्षराचं काम.

आता ती बीप अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या हॉर्नमधून ऐकून दाखवा.

आणि 'एस' दाबायचं हे सांगतं कोण? मेनू सांगतो. पडद्यावर. लेखी.

मग देखण्या इन्स्टॉलरांचा जमाना आला. कॅलामारेस हा त्यातला एक, बऱ्याच लिनक्सांत वापरला जाणारा. तो चालतो रूटच्या, म्हणजे यंत्रणेच्या मालकाच्या, अधिकारात आणि ऑर्का चालतो साध्या वापरकर्त्याच्या. वाटणी झालेल्या भावांसारखे दोघं एकाच छताखाली, पण बोलाचाल बंद. ही तक्रार वर्षानुवर्षं चालत आलेली. पडद्यावर मात्र गोल कोपरे, मऊ रंग, सरकती चित्रं. कानाला काय? ठणठण गोपाळ.

डिस्क पुसायच्या पायरीवर ही शांतता फार मोलाची. एंटर दाबलं. आता गेलं काय, जुनं विंडोज की तीन वर्षांच्या नोट्स?

"दोन मिनिटांचं काम, कोणीतरी करून देईल," असं म्हणणारे हमखास भेटतात. देईलच. तोच पासवर्डही टाकेल. म्हणजे लॅपटॉप तुमचा, त्यातलं बँकेचं खातं तुमचं आणि पासवर्ड शेजारच्या दादाच्या डोक्यात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं सांगितली आणि ती शून्यापासून मोजली. शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य : प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवण्याचं. आमचा मुलगा अडलाय तो या शून्यावरच. पुढची तीन डोळसांनी आपसात वाटून घ्यावीत.

"पण अंध माणसाला लिनक्स हवंय कशाला?" हाही प्रश्न ठरलेला. मुंबईचे कृष्णकांत माने दृष्टिहीन. गनूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांच्याच पुढाकाराने उभं राहिलं. डोळे शाबूत असलेल्या किती जणांनी एवढं केलं? केरळात दृष्टिहीनांसाठी उबुंटू माटेवर बेतलेलं अख्खं लिनक्स तयार झालं. नाव ठेवलं 'अ‍ॅक्सेसिबल कोकोनट'.

नारळाला सुचलं. संत्र्याला कधी सुचणार?

कायदा म्हणाल तर आहे, २०१६ चा, दिव्यांगांच्या हक्कांचा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रकरण कशावरून गेलं होतं? केवायसी करताना डोळे मिचकावून दाखवा, या अटीवरून. जिथे दृष्टिहीनाला डोळे मिचकवायला सांगतात, तिथे इन्स्टॉलर बोलेल का, हे विचारायला धाडसच हवं.

तरी विचारू. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबसाठी निविदा निघते, तेव्हा रॅम किती, डिस्क केवढी, वॉरंटी किती वर्षं, सगळं ठोकून-बजावून लिहिलेलं असतं. "यंत्रणा पहिल्या पायरीपासून बोलेल का?" एवढी एक ओळ त्यात वाढवायला काय जातं?

काहीच जात नाही. एक रुपयासुद्धा नाही.

ज्या ओळीत कोणाला काही सुटत नाही, ती ओळ निविदेत घालणार कोण?