पाच रुपयांच्या पाकिटास, स. न. वि. वि.

मु. पो. टपरी, शाळेसमोर.

श्री. मसाला नमकीन यांस,

प्रथम आपले हार्दिक अभिनंदन. 22 सप्टेंबर 2025 पासून आपल्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. बिस्किटं-चॉकलेटं या आपल्या भावंडांचा तर 18 वरून थेट 5 वर! किंमत तीच ठेवून काहींनी पोटात माल वाढवला म्हणे. म्हणजे करकपातीचा लाभ जनतेच्या कमरेपर्यंत पोहोचलाच. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईनं शाळांना साखरेबद्दल सावध करणारे फलक लावायला सांगितलं होतं. भिंतीवर धोका, टपरीवर सवलत. पोरांनी दोन्हींचा लाभ घ्यावा.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. आपण फाटकासमोरच माळेनं लटकता. मधल्या सुट्टीत एक पोरगं आपल्याला टर्रकन ओढतं, तेव्हा बाकीची माळ हलत राहते. तिथं टेप घेऊन मोजायला आलेलं कोणी अजून पाहिलेलं नाही.

आपल्या लाजाळूपणाचं मात्र कौतुक वाटतं. पुढं हसणारं कार्टून आणि लालभडक मिरची. मिठाचा हिशेब मागं, शिवणीच्या सुरकुतीत, चंदेरीवर पांढऱ्या अक्षरांत. तोही 100 ग्रॅमचा. पाकिटाचा हिशेब पाचवीतल्या गिऱ्हाइकानं त्रैराशिक मांडून काढावा. चिलीत 2016 पासून असल्या पाकिटांच्या तोंडावरच काळा अष्टकोनी ठसा मारतात आणि कार्टूनला हाकलतात. किती असंस्कृत! आपल्याकडे 2022 च्या मसुद्यात तारे सुचवले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. त्यातही प्रथिनं, तंतू, शेंगदाणे यांचे पुण्यगुण मिळणार. मूठभर दाण्यांनी मिठाचं पाप थोडं धुतलं जातं. एवढं स्वस्त प्रायश्चित्त तर आमच्या गुरुजींकडेही नाही.

पुढं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2025 मध्ये सरकारला पाकिटाच्या तोंडावरच्या इशाऱ्याचं तीन महिन्यांत काय ते ठरवा म्हटलं. जुलैत आणखी तीन महिने मिळाले. आपली मुदत मात्र ठळक छापलेली असते, आणि ती कोणी वाढवून देत नाही. तेवढाच आपल्यावर अन्याय.

एक विनंती आहे. मागचा तो मिठाचा आकडा पुढं, कार्टूनच्या कपाळावर येऊ द्या. आपल्याला लाज वाटत असेल, तर कार्टून मागं जाऊ शकतं.

कळावे. लोभ कमी व्हावा.

आपला,
रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेणारा एक पालक

ता. क.: गोळीच्या पाकिटावर कार्टून नसतं. धंदा कसा करावा, हे त्यांना जरा शिकवा.