पाहिजेत: माजी सैनिक

पाहिजेत. अमेरिकेतील निवडणूक हंगामासाठी माजी सैनिक. व्यासपीठावर उमेदवाराच्या मागे, कॅमेऱ्यात नीट येईल असं बसता आलं पाहिजे. पदकं स्वतःची आणावीत. जखम असल्यास प्राधान्य, मात्र ती दिसणारी असावी. बोलावं लागणार नाही. दवाखान्याची तारीख, औषधाचा खर्च किंवा एखादं विधेयक यांविषयी बोलण्याची खोड असणाऱ्यांनी अर्ज करू नयेत. मुदत: नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारपर्यंत.

अशी जाहिरात कुठे छापून येत नाही, कारण तशी गरज पडत नाही. अमेरिकेत दीड कोटीहून जास्त माजी सैनिक आहेत. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, तेव्हापासून लढायला दुसऱ्याचा मुलगा जातो आणि घरी बसलेल्याला जरा चुटपुट लागून राहते. या चुटपुटीवर मतं मिळतात. म्हणून प्रचारसभेतला माजी सैनिक म्हणजे आपल्या लग्नातलं रुखवत. मांडायचं, पाहुण्यांना दाखवायचं, शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि मांडव उठला की खोक्यात भरून माळ्यावर टाकायचं.

रिपब्लिकन असोत की डेमोक्रॅट, सैनिकाबद्दल दोघांच्याही मनात नितांत आदर आहे. त्याला अपवाद फक्त दोन. एक, तो समोरच्या पक्षाकडून उभा राहिला तर. आणि दोन, त्याने बिल पाठवलं तर.

पहिला अपवाद बघू. मॅक्स क्लेलंड १९६८ साली व्हिएतनाममध्ये होते. हातबॉम्ब फुटला आणि दोन्ही पाय आणि उजवा हात गेला. पुढे ते जॉर्जियाचे डेमोक्रॅटिक सिनेटर झाले. २००२ च्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात टीव्हीवर जाहिरात लागली. आधी ओसामा बिन लादेन, मग सद्दाम हुसेन आणि पाठोपाठ क्लेलंड. गुन्हा काय, तर अंतर्गत सुरक्षेच्या नव्या खात्याच्या विधेयकावर त्यांनी बुशसाहेबांना हवी तशी मतं दिली नव्हती. ही जाहिरात ज्यांची, ते रिपब्लिकन उमेदवार सॅक्सबी चॅम्ब्लिस व्हिएतनामच्या वेळी आधी शिकत होते आणि मग त्यांचा गुडघा दुखत होता. क्लेलंड पडले. तीन अवयव देऊनही देशभक्तीचा पुरावा पुरला नाही. एक हात शिल्लक होता, तेवढा संशय राहिला असावा.

त्या जाहिरातीवर उघडपणे संतापलेल्यांमध्ये एक रिपब्लिकन होते, जॉन मॅकेन. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन वर्षांनी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट जॉन केरी उभे राहिले. व्हिएतनाममध्ये गस्ती बोटीवर होते, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार आणि जखमेबद्दल मिळणारी पर्पल हार्ट पदकं तीन. बॉस्टनच्या अधिवेशनात त्यांनी भाषणाआधी सलाम ठोकला आणि सेवेला हजर आहे असं सांगितलं. तिथेच चुकलं. ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ’ या नावाचा गट जाहिराती घेऊन आला आणि केरींची पदकं खोटी कशी हे देशाला समजावू लागला. मग न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रिपब्लिकन अधिवेशन भरलं. तिथे काही प्रतिनिधींनी गालावर, हनुवटीवर, बोटांवर बँड-एड चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर जांभळं हृदय छापलेलं होतं. केरींना काय, जरासं खरचटलं असेल, हा विनोद. गुबगुबीत गालांवरच्या त्या जांभळ्या पट्ट्या वातानुकूलित सभागृहात छान चमकत होत्या. इराकमध्ये त्या दिवसांत तेच पदक रोज कुणाला ना कुणाला मिळत होतं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांपैकी जॉर्ज बुश व्हिएतनामच्या काळात टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये होते, तर डिक चेनी यांनी भरतीतून पाच वेळा सवलत घेतली होती.

आता बारा वर्षं मागे जाऊ. १९९२ मध्ये उभे होते डेमोक्रॅट बिल क्लिंटन, ज्यांनी व्हिएतनामची भरती टाळली होती, आणि समोर थोरले बुश होते. थोरल्या बुशांचं विमान १९४४ साली पॅसिफिकवर पाडलं गेलं होतं. १९९६ मध्ये क्लिंटन यांच्यासमोर बॉब डोल होते. डोल यांचा उजवा हात इटलीतल्या लढाईत कायमचा निकामी झाला होता. तेव्हा रिपब्लिकन पक्ष सांगत होता, ज्याने गणवेश घातला नाही तो सेनापती कसा होणार? आणि डेमोक्रॅट म्हणत होते, अहो, किती जुन्या गोष्टी उकरून काढता! २००४ मध्ये दोघांनी जागा बदलल्या, भाषणंही बदलून घेतली आणि कुणाच्याही घशाला कोरड पडली नाही.

मॅकेन यांच्याकडे येऊ. साडेपाच वर्षं उत्तर व्हिएतनामच्या कैदेत काढलेला हा माणूस. जुलै २०१५ मध्ये आयोवातल्या एम्स गावी डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की, मॅकेन पकडले गेले म्हणून वीर ठरले आणि आपल्याला पकडले न गेलेले आवडतात. ट्रम्प यांना स्वतःला भरतीतून पाच वेळा सवलत मिळाली होती, चार शिक्षणासाठी आणि एक टाचेच्या हाडासाठी. पकडलं न जाण्याचा हा मार्ग कुणाला सुचला नव्हता. पक्षात दोन दिवस निषेध झाला आणि वर्षभराने त्यांनाच उमेदवारी मिळाली.

डेमोक्रॅट सोवळे, असं समजू नका. कनेटिकटचे रिचर्ड ब्लूमेंथॉल आपण व्हिएतनाममध्ये होतो असं भाषणातून सांगत. २०१० मध्ये उघड झालं की ते मरीन राखीव दलात होते खरे, पण अमेरिकेतच. शब्द चुकला म्हणाले आणि सिनेटवर निवडून आले. पुढे माजी सैनिकांच्या प्रश्नांवरच्या समितीतही बसले. २०२४ मध्ये उपाध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार टिम वॉल्झ. नॅशनल गार्डमध्ये चोवीस वर्षं, लढाई एकही नाही, पण एका जुन्या ध्वनिचित्रफितीत युद्धात वापरलेल्या शस्त्रांचा उल्लेख करून बसलेले. त्यांच्यावर तुटून पडले जे. डी. व्हान्स, जे मरीन दलातून इराकला गेले होते आणि तिथे दलासाठी बातमीदारीचं काम करत होते. एकाने प्रत्यक्ष लढाई पाहिली नव्हती, दुसऱ्याने तिच्याबद्दल लिहिलं होतं, आणि शौर्य कुणी चोरलं यावर ऑगस्ट महिना खर्ची पडला. ट्रम्प यांच्या त्या प्रचाराच्या दोन सूत्रधारांपैकी एक होते ख्रिस लासिविता. वीस वर्षांपूर्वी स्विफ्ट बोटींच्या जाहिरातींमागेही हेच गृहस्थ होते. अनुभवी माणसाला अमेरिकेत अजून किंमत आहे. तो अनुभव युद्धाचाच असला पाहिजे असं नाही.

दुसरा अपवाद जास्त महागाचा आहे. माजी सैनिकांसाठी अमेरिकेत व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए नावाचं अवाढव्य खातं आहे. तीनशे अब्ज डॉलरच्या पुढे वार्षिक खर्च, देशभर दवाखाने. आपल्याकडे ‘गरज सरो नि वैद्य मरो’ म्हणतात. तिथे वैद्य ठणठणीत असतो, फक्त त्याची तारीख मिळत नाही. ओबामांच्या राज्यात, २०१४ मध्ये, फिनिक्सच्या व्हीए रुग्णालयाचा कारभार बाहेर आला. चौदा दिवसांत रुग्णाला तारीख द्यायची, असं वरून लक्ष्य आलेलं आणि साहेबांचा बोनस त्या आकड्याला बांधलेला. मग साहेबांनी काय करावं? प्रतीक्षायादी कागदावरून काढली आणि वेगळी ठेवली. पहिल्या भेटीसाठी सरासरी चोवीस दिवस लागतात असं रुग्णालय सांगत होतं. तपासनीसांनी नमुन्याचे रुग्ण तपासले तर आकडा निघाला ११५ दिवस. मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. व्हिएतनाममध्ये पायाचा काही भाग गमावलेला हा सेनानी आकड्यांपुढे हरला.

रिपब्लिकन सिनेटरांचा संताप तर बघवत नव्हता. फेब्रुवारीत, म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी, बर्नी सँडर्स यांनी माजी सैनिकांच्या सोयींचं मोठं विधेयक आणलं होतं. ५६ विरुद्ध ४१, याच रिपब्लिकनांच्या विरोधामुळे साठ मतांची अट पुरी झाली नाही, विधेयक पडलं. खर्च फार, आणि शिवाय त्यात इराणवरच्या निर्बंधांची दुरुस्ती घेऊ दिली नाही, ही तक्रार. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा इराणशी संबंध काय, हे ज्याला कळत नाही त्याने सिनेटला उभं राहू नये. फिनिक्सनंतर बाहेरच्या डॉक्टरकडे जायची मुभा देणारा कायदा झाला आणि ओबामांनी त्यावर सही केली. हा कायदा आपण आणला, असं ट्रम्प नंतर वारंवार सांगत. २०२० च्या ऑगस्टमध्ये एका महिला पत्रकाराने विचारलं, साहेब, हा तर २०१४ चा ना? साहेबांनी पत्रकार परिषदच आटोपती घेतली.

पण या प्रकारातला खरा बहर २०२२ चा. इराक आणि अफगाणिस्तानच्या तळांवर कचरा जाळण्याचे मोठाले खड्डे होते. प्लास्टिक, बॅटऱ्या, रंग, दवाखान्याचा कचरा, माणसांची विष्ठा, सगळं त्यात टाकायचं आणि वर विमानाचं इंधन ओतून पेटवायचं. धूर शेजारच्या बराकीत. घरी परतल्यावर काहींना कर्करोग, काहींना दमा. धुरामुळेच झालं हे सिद्ध करा, असं व्हीएचं म्हणणं आणि बहुतेक अर्ज नामंजूर. अखेर पॅक्ट नावाचं विधेयक आलं. १६ जूनला सिनेटमध्ये ८४ विरुद्ध १४ मतांनी मंजूरही झालं. त्यात कराविषयीच्या एका कलमाची तांत्रिक चूक निघाली, ती दुरुस्त होऊन विधेयक परत आलं आणि २७ जुलैला ५५ विरुद्ध ४२ असं अडकलं. जूनमध्ये हो म्हणालेले पंचवीस जण जुलैमध्ये नाही म्हणाले. चारशे अब्ज डॉलर कोणत्या रकान्यात लिहायचे यावर मतभेद, असं रिपब्लिकन म्हणाले. त्याच दिवशी हवामान आणि करांच्या विधेयकावर डेमोक्रॅट सिनेटर शूमर आणि मँचिन यांचं जमल्याची बातमी फुटली होती, त्याचा राग सैनिकांवर काढला, असं डेमोक्रॅट म्हणाले. सभागृहात रिपब्लिकन टेड क्रूझ एका सहकाऱ्याच्या मुठीवर आनंदाने मूठ टेकवताना कॅमेऱ्यात दिसले.

सैनिक कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. रात्रंदिवस, उन्हात आणि पावसात, कुणी श्वासाच्या त्रासासकट. विनोदवीर जॉन स्टुअर्ट त्यांच्या बाजूने शिव्या घालत होते. बायडन कोविडमुळे घरात अडकलेले, तेव्हा व्हीएचे मंत्री पिझ्झा घेऊन पायऱ्यांवर आले आणि अध्यक्षांनी व्हिडिओ कॉलवरून विचारपूस केली. २ ऑगस्टला तेच विधेयक ८६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं. मधल्या सहा दिवसांत त्यातला स्वल्पविरामही बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त टीव्हीवरची दृश्यं.

याला नव्वद वर्षांची परंपरा आहे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना १९२४ साली बोनस मंजूर झाला होता, मात्र हातात पडायचा होता १९४५ मध्ये. मंदीत पोट जाळायला निघालेले हजारो सैनिक बायकामुलांसह १९३२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला येऊन अनाकोस्टियात झोपड्या घालून राहिले. वर्ष निवडणुकीचं, अध्यक्ष हूवर. २८ जुलैला जनरल मॅकआर्थर घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन आले आणि रात्री वस्ती पेटली. सैनिकाशी सैनिकच बोलू शकतो म्हणतात, ते असं. हूवर हरले. रूझवेल्ट यांनी पुढच्या वर्षी आलेल्या तुकडीला तंबू दिले, कॉफी दिली, पत्नी एलिनॉर यांना भेटीला पाठवलं आणि बोनसला नकार दिला. शेवटी १९३६ मध्ये काँग्रेसने त्यांचा नकार डावलून पैसे दिले. तेही निवडणुकीचंच वर्ष होतं. (आपल्याकडे असं काही होत नाही. होत असलं तरी या सदराची जागा आता संपत आली आहे.)

जिवंत सैनिक निदान बिल तरी पाठवतो. मेलेला तेही करत नाही, म्हणून तो जास्त सोयीचा. काबूलच्या विमानतळावर २६ ऑगस्ट २०२१ ला तेरा अमेरिकी सैनिक मारले गेले. बरोबर तीन वर्षांनी ट्रम्प काही कुटुंबांच्या निमंत्रणावरून आर्लिंग्टनच्या दफनभूमीत गेले. सेक्शन ६० मध्ये, जिथे प्रचाराचं चित्रीकरण कायद्याने करता येत नाही. कॅमेरे आले, अडवणाऱ्या कर्मचाऱ्याला बाजूला ढकललं गेल्याचं लष्कराने निवेदन काढून सांगितलं, आणि थडग्याशेजारी अंगठा उंचावून हसरा फोटो निघाला. त्याआधी दोनच महिने बायडन यांनी वादविवादात ठणकावलं होतं की, आपल्या कारकिर्दीत जगात कुठेही अमेरिकी सैनिक मेलेला नाही. म्हणजे एका पक्षाला तेरा थडगी फोटोपुरती दिसली आणि दुसऱ्याला ती दिसलीच नाहीत.

माजी सैनिकांचा दिवस असतो ११ नोव्हेंबरला. मतदान त्याआधीच उरकलेलं असतं, कधी तीन दिवस, कधी नऊ. त्या दिवशी नेत्यांपेक्षा उपाहारगृहं उदार असतात. माजी सैनिकाला पॅनकेक फुकट. सेवेचा पुरावा मात्र दाखवावा लागतो, आणि वेटर तो नीट वाचतो. २०२४ चं मतदान ५ नोव्हेंबरला झालं. पुढच्या मार्चमध्ये व्हीएमधली ऐंशी हजार माणसं कमी करण्याचा बेत बाहेर आला. तिथल्या कर्मचाऱ्यांत चारातला एक स्वतः माजी सैनिक आहे. आरडाओरडा झाला, तेव्हा आकडा तीस हजारांवर आणला. मे महिन्यात ट्रम्प यांनी ११ नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धाचा विजयदिन असं नवं नाव जाहीर केलं. माजी सैनिक बिथरले. व्हाइट हाउसने घाईघाईने खुलासा केला की जुनं नाव कुठेही जात नाही. उपाहारगृहवाल्यांना हायसं वाटलं असेल, दर वर्षी त्याच पाट्या लावायच्या असतात.