अनिवासी घोट

न्यू जर्सीतून वीस वर्षांनी गावी परतलेला नायक पूर्वार्धात बाटलीतलं पाणी पितो आणि उत्तरार्धात विहिरीचं. मध्ये मध्यंतर. एवढा फरक सोडला तर सव्वादोन तासांत त्याच्यात दुसरा कुठलाही बदल झालेला मला दिसला नाही. पण पुढच्या रांगेतल्या एक मावशी विहिरीच्या प्रसंगाला डोळे पुसत होत्या, त्याअर्थी झाला असावा.

सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, पुढच्या शुक्रवारी तोच दुसऱ्या नावाने लागेल. शेणात रुतणारा पांढरा बूट, थोरांच्या पाया पडल्यावर तळव्यांना चोळलेलं सॅनिटायझर, 'डॉलर सध्या कितीला?' विचारणारे मामा, आणि शेतकीची पदवी घेऊनही डोक्यावर घागर घेतल्याशिवाय घराबाहेर न पडणारी नायिका, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, पण माणसं बोलतात कोल्हापूरकडचं. तेही सोडून देऊ. माझी तक्रार फक्त पाण्याची आहे.

आजी तांब्या पुढे करते. नायक मानेनेच नको म्हणतो आणि बॅगेतून बाटली काढतो. त्यावर अख्खं गाव खो खो हसतं. हे लिहिणारा माणूस गेल्या दहा वर्षांत खेड्यातल्या एकाही पंगतीला बसलेला नसणार. अहो, गावोगावी फिल्टरच्या टपऱ्या झाल्या. पाच रुपयांचं नाणं टाकायचं, वीस लिटरचा जार भरायचा आणि मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन घरी न्यायचा. लग्नाला जार, जागरण-गोंधळाला जार, दहाव्याला नदीकाठी जार. नदीत पाणी नसतं म्हणून तिथे तर दोन जास्त लागतात. कावळा शिवेपर्यंत भावकी गार पाणी पीत बसते. अशा गावात नायकाने बाटली काढली तर कोणी हसणार नाही. 'एकच आणली का?' असं विचारतील.

बरं, हा येतो कुठून? न्यू जर्सीतून. त्याच राज्यातल्या नेवार्क शहरात नळाच्या पाण्यात शिसं निघालं आणि २०१९ साली लोकांना रांगा लावून बाटल्या घ्याव्या लागल्या. म्हणजे बाटलीची सवय त्याला तिकडे लागली असेल तर ती श्रीमंतीची नाही, भीतीची आहे, आणि त्या बाबतीत तो आणि आमचा गाव सख्खे भाऊ आहेत. पण मग संस्कृतीचा धक्का कुठून आणायचा? तिकिटाचे पैसे धक्क्याचे घेतलेत.

आता तो घोट. नायक चपला काढतो, विहिरीच्या पायऱ्या उतरतो, ओंजळ भरतो, पितो. बासरी वाजते. डोक्यावर कबुतरं उडतात. कबुतरांचा विहिरीशी संबंध काय, हे कबुतरांची विष्ठा उपसलेल्या कुणालाही विचारा. पाण्यावर पिंपळाची पानं आहेत, काठाला शेवाळ आहे, कोपऱ्यात बेडूक असल्याचा मला संशय आहे. वीस वर्षं गाळलेलं, उकळलेलं, क्लोरीन मारलेलं पाणी पचवलेलं ते नाजूक आतडं! आणि त्याला काहीही होत नाही. तो उलट नाचतो. डिसेंबरात ज्यांच्या घरी परदेशातली लेकरं उतरतात त्यांना विचारा खरा विनोद काय असतो. पहिल्या दिवशी पाणीपुरी. दुसऱ्या दिवशी 'बघ, काही झालं नाही!' तिसऱ्या दिवशी घरातल्या एकुलत्या एक संडासाबाहेर चार जण रांगेत, आतून जावईबापूंचा क्षीण आवाज, सासूबाई मीठसाखरेचं पाणी ढवळतायत, सासरे फोनवर डॉक्टरांना 'अमेरिकेतून आलेत हो' असं अशा सुरात सांगतायत की जणू तो आजार तिकडूनच आला. नातू दातही बाटलीच्या पाण्याने घासतो आणि आजोबा ते बघून न बघितल्यासारखं करतात. एवढा भरला मळा समोर असताना यांना शेणातला बूट सुचतो.

आणि विहीर भरलेली कशी? कथेत महिना एप्रिलचा, कारण नायक कैऱ्या पाडतो. जिल्हा बीड, कारण एसटीवर तशी पाटी आहे. नायकाच्या मागे मात्र वाईकडचे दगडी घाट आणि भरून वाहणारी कृष्णा. बीडच्या माणसाला दारात कृष्णा दिसली असती तर तो न्यू जर्सीला कशाला गेला असता, वाळूचे ट्रक लावले असते. दुष्काळी भागात एप्रिलमध्ये विहिरीला पाणी एकाच मार्गाने येतं: टँकर येतो, पाइप विहिरीत सोडतो, वरून धो धो पाणी पडतं आणि ते तळाला टेकायच्या आत सगळा गाव पोहरे घेऊन काठावर. शेंदताना बाया आत पडतात. याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हा नायक डोळे मिटून 'हे माझ्या पूर्वजांचं पाणी आहे' म्हणतो, ते पाणी फार तर टँकरवाल्याच्या पूर्वजांचं असेल. आणि याने ते हाताने प्यायलं, मग त्यातच तोंड धुतलं, मग नायिकेच्या अंगावर उडवलं! त्या गावात त्या महिन्यात असं पाणी उडवलं असतं तर परतीचं विमान त्याला स्ट्रेचरवरून गाठावं लागलं असतं.

गावाबाहेर राहून परत येणाऱ्याचाच सिनेमा काढायचा होता ना? मग त्याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीला लाखो माणसं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊस तोडायला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. सहा महिने कोपीत. पोरांची शाळा बुडालेली. एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि पाळीमुळे खाडे नकोत म्हणून गर्भाशय काढून घेतलेल्या बाया याच जिल्ह्यातल्या. दुसऱ्याच्या हिरव्यागार, पाटाच्या पाण्याने भिजलेल्या उसातून ही माणसं आपल्या कोरड्या गावात येतात तेव्हा त्यांना जो धक्का बसतो तो कुठला म्हणायचा? त्यांच्यावर कोणी भाकरतुकडा ओवाळत नाही. ड्रोन त्यांच्या ट्रॅक्टरवर येत नाही. गावी पोचल्या पोचल्या बाई हंडा घेऊन टँकरच्या रांगेत लागते, आणि तिने बासरीची वाट बघितली तर नंबर जातो. पण पासपोर्टावर शिक्का नसला की परतणं म्हणजे नुसतं परतणं. त्यात कोणाचे डोळे पाणावत नाहीत, कारण ज्यांचे पाणावायचे ते चित्रपटगृहाच्या खुर्चीत बसलेत आणि त्यांच्या कपाटात साखर आहे.

त्या चित्रपटगृहाबद्दलही बोलतो, थोडक्यात. दारात माझी घरून आणलेली पाण्याची बाटली काढून घेतली. नियम आहे म्हणाले. आतल्या काउंटरवर तेवढीच बाटली ज्या भावाला मिळते त्यात गावाकडे जार आणि वर चहा येतो. म्हणजे पडद्यावर नायकाने बाटली टाकून द्यायची, आणि ते बघायला मी बाटली विकत घ्यायची.

दुसऱ्या भागाची घोषणा शेवटी झाली. त्यात नायक कायमचा गावी राहतो, आंब्याची बाग लावतो आणि बागेसाठी बोअर मारतो. २००९ च्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला बंदी आहे. त्या भागात ६० मीटरवर धूळ निघते, म्हणून लोक सहाशे-सातशे फुटांवर जातात. नायक किती खोल जाणार हे अजून जाहीर झालेलं नाही. अलीकडे थांबला तर बाग वाळेल, पुढे गेला तर कायदा मोडेल. यातलं गाणं कुठे बसतं, त्यावर लेखकमंडळी विचार करत असतील.