वेड्यांच्या बाजूने

हिशेबाची वही उघडून बसलं, तर सरकारने स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या संशोधनावर पैसा घालणं हा शुद्ध वेडेपणा ठरतो. मी या वेडेपणाच्या बाजूचा आहे.

साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे केअर केंद्र आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्यातून अंगात साठणारं लोह उतरवायला रोज औषध. हिमोफिलियाच्या पोराचा गुडघा आतल्या आत रक्ताने सुजतो, मग रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन. जावळीच्या डोंगरातून असो की सांगलीकडच्या आटपाडीतून, आईबापाने रोजगार बुडवून पोराला दवाखान्यात न्यायचं, आणि निघताना पुढची तारीख घ्यायची. अशांच्या मागे कोणता शहाणा धंदेवाला पैसा लावेल?

वेडे लावतात. १९५७ साली अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा दिल्याचं जाहीर केलं. सहाही दगावले. पुढे बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडला. थॉमस मात्र कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले, वर्षानुवर्षं. टोरंटोत टिल आणि मॅकलॉक हे शास्त्रज्ञ किरणोत्साराचे परिणाम तपासत होते. उंदरांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजता मोजता १९६१मध्ये रक्ताच्या मूळ पेशीचा पुरावा त्यांच्या हाती लागला. त्या गाठींसाठी कोणत्या सावकाराने कर्ज दिलं असतं? १९८३मध्ये अणुऊर्जा खात्याच्या टाटा रुग्णालयात, लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून काम करणाऱ्या डॉ. सुरेश अडवाणींनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका लहान मुलीवर अस्थिमज्जा रोपण केलं आणि भारतात ही वाट उघडली. थॅलेसेमियाचं पोर रक्ताच्या पिशवीतून सुटतं ते याच वाटेने.

वेल्लोरचं उदाहरण तर ताजं आहे. तिथलं स्टेम सेल संशोधन केंद्र केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर उभं राहिलं. तिथल्या डॉक्टरांनी गंभीर हिमोफिलियाच्या पाच रुग्णांच्या स्वतःच्याच मूळ पेशी काढल्या, त्यांत फॅक्टर आठ बनवणारा जनुक घातला आणि पेशी परत दिल्या. निष्कर्ष डिसेंबर २०२४मध्ये छापून आले, तोवर त्या पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नव्हता. फक्त पाच माणसं! पण ज्याचं आयुष्य फॅक्टरच्या बाटल्या मोजण्यात गेलं, त्याला विचारा पाच म्हणजे किती ते.

शहाण्यांचं काम याहून पुष्कळ सुटसुटीत असतं. बाळंतपणाच्या आधीच ते नाळेतलं रक्त साठवण्याची योजना घेऊन येतात, हप्त्यांसकट. त्याच बाळाला थॅलेसेमिया निघाला, तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असणार, हे मात्र बोलत नाहीत. कुणी स्वमग्न मुलाच्या आईबापाला स्टेम सेलची इंजेक्शनं विकतात. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं साफ सांगतात, की मूळ पेशींचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच. बाकी सगळं चाचणीतच व्हायला हवं, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. घर गहाण टाकायला निघालेल्या बापाला ‘अजून नाही’ असं खरं सांगणारा डॉक्टर मला देवासारखा वाटतो. सार्वजनिक पैशातल्या संशोधनाने रुग्णाला औषधाइतकीच मोठी दिलेली गोष्ट म्हणजे हा खरेपणा.

म्हणून आणखी थोडा वेडेपणा मागतो. सख्ख्या भावंडाशी मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. साताऱ्यात आणि सांगलीत थॅलेसेमियाचं मूल नोंदलं गेलं, की त्याच्या प्रत्येक भावंडाची एचएलए तपासणी, म्हणजे मज्जा जुळते का हे पाहणारी तपासणी, सरकारी खर्चाने जिल्ह्यातच नमुना घेऊन व्हावी. आणि वेल्लोरच्या पाचांचे पन्नास होईपर्यंत, मधे एखादी चाचणी फसली तरी, कुणी तिथल्या संशोधनाचा निधी तोडू नये.