नाव नागपूरचं

इंग्लंडात केंब्रिजशायरमध्ये स्टिल्टन नावाचं एक लहानसं गाव आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचं. अठराव्या शतकात तिथल्या बेल नावाच्या सराईपाशी घोडागाड्या थांबायच्या, उतारू चीज खायचे आणि पुढच्या मुक्कामी त्याची तारीफ करायचे. चीज मुळात आणलेलं असायचं आसपासच्या मुलखातून, पण खाल्लं स्टिल्टनला, म्हणून नाव पडलं स्टिल्टन. पुढे १९९६ साली युरोपात या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि ठरलं की हे चीज डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत करायचं. स्टिल्टन या तिन्हींत बसत नाही. त्यामुळे स्टिल्टनच्या माणसानं स्टिल्टनमध्ये चीज केलं, तर त्याला स्टिल्टन म्हणायची सोय नाही.

असल्या गोष्टीचं वऱ्हाडी माणसाला फारसं नवल वाटत नाही.

शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. नगरपरिषद आहे म्हणून कागदावर शहर. पण पारावर बसलेल्यांना विचाराल तर गावच. नावातला ‘घाट’ खाऊन चालत नाही. याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, शेंदूरजना बाजार नावाचं दुसरं गाव आहे. लग्नपत्रिका घाईत वाचणारा पाहुणा घाटाऐवजी बाजारात उतरतो, आणि तिथली भली माणसं त्याला आधी पाणी पाजतात, मग रस्ता सांगतात.

घाटाकडच्या शेंदूरजन्याची खरी कमाई कलमांची. जंभेरीचं बी गादीवाफ्यावर टाकायचं, रोपं वर आली की काढून शेतात ओळीनं लावायची, खोड पेन्सिलीएवढं झालं की त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. डोळे बांधणारा माणूस उकिडवा बसतो आणि चाकूची चीर, डोळा, पट्टी असं करत ओळीत पुढे सरकत राहतो. त्याच्याशी बोलावं तर तो हातातलं काम न थांबवता, मान वर न करता उत्तर देतो. इथली कलमं मध्य प्रदेशात जातात, राजस्थानात जातात. तिकडे झाडं मोठी होतात, फळं येतात, आणि तिकडचे लोक फळ पुढे करून अभिमानानं सांगतात, नागपुरी आहे.

नागपूर इथून चांगलं शंभर किलोमीटर. पण संत्रा पिकवायचा वरुड-मोर्शीनं आणि तो ओळखला जायचा नागपूरच्या नावानं, हे ठरलेलं. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही नागपूरच्या नावानं. आता यात नागपूरकरांनी फार ताठ होऊ नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी हे झाड औरंगाबादेहून आणवलं, असं सांगतात. म्हणजे औरंगाबादेनंही कधी हात वर केला, तर पंचायत. रेल्वेनं मधला मार्ग काढला: नरखेड-बडनेरा लाइनीवरच्या वरुडच्या स्टेशनाला ‘वरुड ऑरेंज सिटी’ असं नाव दिलं. पाटी पाहून नागपूरचा माणूस जरा गप्प होतो, एवढा तिचा उपयोग आहे.

नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, ही तर वऱ्हाडाची जुनीच रीत. १८५३ च्या तहानं निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडानं कायमचा पट्ट्यावर गेला. कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची. वर १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला. राजपुत्र राहायचा हैदराबादेत. शेतसारा भरणाऱ्याला त्यानं फरक पडला नाही; त्याचा राजा पटवारीच.

सरहद्दीचंही तेच. उत्तरेला डोंगर चढलं की मध्य प्रदेश लागतो. पण १९५६ पर्यंत शेंदूरजना आणि पलीकडचं पांढुर्णा एकाच राज्यात होती आणि राजधानी होती नागपूर. एके दिवशी रेघ पडली. सोयरिकी काही तिला पाहून थांबल्या नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी. स्टिल्टनचे लोक काही वर्षांपूर्वीपर्यंत मे महिन्यात लाकडी चीज रस्त्यावर गडगडवत शर्यत लावायचे. करमणुकीच्या बाबतीत इंग्रज मऊच म्हणायचे.

बाकी रोजचं जगणं बहाराच्या हिशेबानं चालतं. आंबिया धरायचा की मृग, यावर घरात भावाभावांत दोन मतं. झाडाला ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं. हल्ली तेवढं काम विहीर आपणहून करते. उपसा इतका झाला की तालुका भूजलाच्या ‘डार्क झोन’मध्ये गेला, आणि बोअरची खोली हा इथे सोयरिकीच्या बैठकीतलाही विषय झाला. त्यात बांगलादेशानं संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवलं की भाव इकडे वरुडात पडतो. ढाक्याचं धोरण शेंदूरजन्याच्या टपरीवर चहासोबत चघळलं जातं, आणि त्यात ज्ञान बऱ्यापैकी असतं.

अशाच एका टपरीवर मी स्टिल्टनची हकिगत सांगितली. नर्सरीवाले एक काका शेवटपर्यंत ऐकत होते. मी म्हटलं, “काका, संत्र्याले शेंदूरजन्याचं नाव पाह्यजे होतं ना?”

“कायले?” ते म्हणाले. “नाव राहू द्या नागपूरचं. अडत्याले सांगा, पट्टी तेवढी आमच्या नावानं फाड.”