आधी मालक दाखव

जालना जिल्ह्यात जुनी वस्तू घ्यायची म्हटली की पैशांच्या आधी पारखी माणूस जमवावा लागतो. परतूर, मंठा, अंबड, कुठंही जा, असा एक जण असतोच. आमच्याकडचे म्हणजे भाऊमामा. मामा बरोबर नसले तर इसार द्यायला कुणी धजत नाही. बैलाचे दात बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात. ट्रॅक्टरला दात नाहीत, म्हणून चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरतात. धूर हाताला लागला की तोंड वाकडं. मग विकणाऱ्याचा चहासुद्धा घेत नाहीत. मामांनी स्वतः आयुष्यात एका सायकलीपलीकडं काही घेतलेलं नाही. त्यांच्या परीक्षेत पास होईल अशी वस्तूच कधी बाजारात आली नाही.

असल्या माणसाला मध्यंतरी विमान बघावं लागलं. भाचा टेक्सासात. तिकडं लोक विमानाचे सुटे भाग मागवून गॅरेजात जोडतात. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या हातानं केलेलं असलं की सरकार मान्यता देतं. (आपल्याकडं अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, तर नोंदणीला 2017 उजाडलं.) भाच्याला तसलंच एक वापरलेलं, दोन माणसांचं आरव्ही-12 घ्यायचं होतं. त्यानं हँगरमधून व्हिडिओ कॉल लावला. मामा मोंढ्यात, टपरीवर.

"वजन किती?"

"रिकामं साडेतीन क्विंटलच्या आसपास, मामा."

"म्हणजे आपल्या म्हशीहून हलकं. आन् तू त्यात बसणार?"

इंजिन रोटॅक्सचं, शंभर हॉर्सपॉवरचं, दोन हजार तासांनी खोलायचं, हे ऐकून मात्र मामा खुलले. ट्रॅक्टरचं वयही तासांतच सांगतात. मीटरवर चारशे होते.

"मीटरचं काय, वायर काढली की मुकं. पायडल दाखव."

पायडलचा रंग उडून आतला धातू चकाकत होता. मामा म्हणाले, "चारशेत एवढं झिजत नसतं. सातशे धर."

या इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं. पुढचा पंखा हातानं सुलट फिरवत राहायचं. टाकीतून गुडगुड आवाज आला की मगच काडी बुडवून ऑइल बघायचं. पंखा उलटा फिरवायचा नाही. भाचा फिरवू लागला तसे मामा ओरडले, "फोन टाकीपाशी ने!" टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. गुडगुड आली. मामांनी डोळे मिटून ऐकली.

"पोट साफ आहे. आता मालक दाखव."

मालक अगत्यशील निघाला. दोन वर्षं खपून सगळं मीच जोडलंय, म्हणाला, आणि कौतुकानं पान्यांची पेटी उघडून दाखवली.

"जवळ घे. अजून जवळ." पाने लखलखत होते, एकावर ओरखडा नव्हता. "ह्यानं पाना धरलेलाच नाही. दुसऱ्याकडून करून घेतलंय. त्याचे पैसे दिलेत का, विचार."

"मामा, असं विचारत नसतात इथं."

"मग सातबारा काढ."

तिकडं विमानांचा सातबारा ओक्लाहोमा सिटीत असतो. विमानावर कुणाचा बोजा आहे का, ते तिथल्या सरकारी दप्तरात सापडतं. भाच्यानं फी भरून उतारा काढला. बोजा निघाला. बँकेचा नव्हे, एका मेकॅनिकचा, थकलेल्या बिलापोटी. ही बातमी मामांनी टपरीवर स्वतः काही सांगितली नाही. पण ती कुणाला ठाऊक नाही, असंही राहू दिलं नाही.

"म्हणजे सोडून देऊ?" भाच्यानं विचारलं.

"सोडायचं काऊन? त्या मेकॅनिकला गाठ. इंजिनाचं पोट त्यानंच राखलंय. त्याचे पैसे किमतीतनं वळते कर, राहतील त्याच्या निम्म्यात माग. आन् सायबाला सांग, मामाला विमान पसंत नाही."